घोड्याची ढांग : थोडं गणित, थोडं मेकॅनिक्स

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीशी संबंध म्हणजे घरी बोलणं आणि शाळेत पेपरपुरतं लिहिणं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, आणि राहिल्या असतील तर त्या माझ्या! 'ढांग' हा शब्दसुद्धा मला आजीने दिला. मी आपली 'स्ट्राईड, स्ट्राईड' करत होते.

आमच्या घरात 'रेस' हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. माझे एक चुलत आजोबा रेसच्या नादापायी दोन खोल्यांची जागा घालवून बसले, त्याला आता चाळीस वर्षं झाली. ते आज नाहीत. पण दिवाळीच्या सुट्टीत माळा साफ करताना त्यांची एक जाड पुठ्ठ्याची वही सापडली. आत काय असावं? पानापानांवर घोड्यांची नावं, तारखा, आणि शेवटच्या रकान्यात शेरे : 'ढांग लांब', 'ढांग मध्यम', 'ढांग आखूड'. लांब ढांगेचा घोडा शेवटी जिंकतोच, अशी त्यांची थिअरी होती म्हणे. आजीला वही दाखवली तर ती म्हणाली, "ढांग सगळ्यांचीच लांब होती गं, पैसे मात्र परत आले नाहीत."

वही घेऊन मी हॉस्टेलवर आले. रूम पार्टनर म्हणाली, "तुला वेड लागलंय. सबमिशन सोडून घोडे काय बघतेस?" पण मी मेकॅनिकलची. एक माणूस एका थिअरीवर आपलं घर लावतो, तर निदान ती बरोबर होती की चूक, एवढं तरी तपासायला नको? म्हणून हा लेख. गणित आहे, पण फर्स्ट इयरच्या पलीकडचं नाही.

चौखूर म्हणजे नेमकं काय?

घोडा चालतो, दुडक्या चालीने पळतो, आणि अगदी भरधाव सुटला की चौखूर उधळतो. शर्यतीत असते ती ही शेवटची चाल. यात चार खूर एकामागून एक जमिनीवर पडतात. समजा घोडा उजव्या 'लीड'वर आहे. तर आधी डावा मागचा, मग उजवा मागचा, मग डावा पुढचा आणि सगळ्यांत शेवटी उजवा पुढचा. हा शेवटचा खूर उचलला की क्षणभर घोडा पूर्ण हवेत! मग पुन्हा डावा मागचा. एकाच खुराच्या दोन टापांमध्ये जेवढं अंतर कापलं जातं, ती एक ढांग.

घोडा हवेत असताना पाय कसे असतात, यावर एकोणिसाव्या शतकात बरीच चर्चा झाली. चित्रकार पुढचे पाय पुढे ताणलेले आणि मागचे मागे ताणलेले दाखवायचे. फ्रेंच चित्रकार जेरिको याचं १८२१ सालचं एप्सम डर्बीचं चित्र पाहा, घोडे अक्षरशः उडताना दिसतात. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने याचा निकाल लावला. त्याने धावपट्टीच्या कडेला ओळीने १२ कॅमेरे मांडले, आडवे दोरे ताणले, आणि सॅली गार्डनर नावाची घोडी पळवली. घोडी दोरा तोडत गेली तसतसे फोटो निघत गेले. घोडी हवेत होती हे खरंच निघालं, पण पाय ताणलेले नसताना! चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना ती हवेत होती. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चित्रकार आणि रसिक जे 'पाहत' होते, ते तसं नव्हतंच. हे फोटो काढून घेणारा मालक लेलँड स्टॅनफर्ड. त्याच्याच शेतजमिनीवर पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठ उभं राहिलं.

मला यातून एक धडा मिळाला. भरधाव घोड्याच्या बाबतीत नुसत्या डोळ्यावर विश्वास ठेवू नये. आजोबांनी नेमका तोच ठेवला होता.

साधा गुणाकार

वेगाचं सूत्र एका ओळीचं आहे :

वेग = ढांगेची लांबी × दर सेकंदाला पडणाऱ्या ढांगा

दर सेकंदाच्या ढांगांना आपण 'लय' म्हणू. शर्यतीच्या वेगात थरोब्रेड घोड्याची ढांग साधारण ७ मीटरच्या आसपास असते आणि लय २.४ च्या आसपास. गुणाकार केला तर १६.८ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ६० किलोमीटर. (हॉस्टेलसमोरच्या रस्त्यावर आपण बाइकवर याहून सावकाश जातो. निदान जायला हवं!)

आता आजोबांच्या बाजूने एक हिशेब करू. १२०० मीटरच्या शर्यतीत ७ मीटरच्या ढांगेने १७१ ढांगा पडतात. दुसऱ्या घोड्याची लय तीच, पण ढांग फक्त १० सेंटिमीटर जास्त आहे असं धरा. १७१ ढांगांत तो १७ मीटर पुढे जाईल. घोड्याची लांबी २.४ मीटर धरली तर सात लांब्यांचा फरक! वितीच्या अर्ध्याएवढी ढांग वाढली आणि शर्यत एकतर्फी झाली. म्हणजे आजोबा बरोबर?

थांबा. सूत्रात दोन आकडे आहेत. ढांग तेवढीच ठेवून लय २.४ ऐवजी २.४३४ केली तरीही तेच १७ मीटर मिळतात. पहिल्या घोड्याची ढांग कट्ट्यावरून थोडीफार दिसते तरी. लयीतला हा फरक मात्र कुणाच्याही डोळ्याला दिसणार नाही. आजोबांच्या वहीत लयीचा रकानाच नव्हता.

मग दोन्ही वाढवा ना!

असं कुणीही म्हणेल. पण ढांग आणि लय हे दोन स्वतंत्र नॉब नाहीत. एक फिरवला की दुसरा आपोआप थोडा उलटा फिरतो. का, ते बघू.

लय २.४ असेल तर एका ढांगेला ०.४१७ सेकंद लागतात. यातला साधारण २० टक्के वेळच एक खूर जमिनीवर असतो, म्हणजे ०.०८३ सेकंद. तेवढ्या वेळात घोड्याचं अंग त्या खुरावरून १.४ मीटर पुढे निघून जातं. पायाची लांबी ठरलेली आहे, त्यामुळे हे अंतर फारसं वाढवता येत नाही. मग वेग वाढला की काय होणार? खूर जमिनीवर असण्याचा वेळ कमी होणार.

आणि वजन तर तेवढंच पेलायचं आहे. इथे आपलं अप्लाइड मेकॅनिक्स कामाला येतं. पूर्ण ढांगेची सरासरी काढली तर जमिनीने घोड्याला वर ढकलणारं बल त्याच्या वजनाएवढंच असलं पाहिजे, नाहीतर घोडा वर तरी जाईल नाहीतर खाली. यातला साधारण ५७ टक्के वाटा पुढच्या दोन पायांवर येतो. म्हणून एका पुढच्या पायावर :

तो पाय टेकलेला असतानाचं सरासरी बल = ०.५७ ÷ (२ × ०.२) = वजनाच्या १.४३ पट

बल अर्ध्या साईन वेव्हसारखं चढतं-उतरतं असं धरलं, तर कमाल बल याच्या π/२ पट, म्हणजे वजनाच्या सव्वादोन पट. प्रत्यक्ष मोजमापांत ते अडीच पटींपर्यंत जातं. घोडा ५०० किलोचा असेल तर एका पायावर अकराशे-बाराशे किलोचा भार, तोही सेकंदाच्या बाराव्या भागात! आणि घोड्याच्या गुडघ्याखाली जवळजवळ स्नायू नसतातच. असतात ती नळीची हाडं आणि त्यांच्या मागून गेलेल्या दोरखंडासारख्या कंडरा. या कंडरा स्प्रिंगचं काम करतात. ताणल्या जातात, ऊर्जा साठवतात आणि परत देतात. थोडी ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते. चौखूर पळणाऱ्या घोड्याच्या कंडरेचं आतलं तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचं मोजलेलं आहे.

आता दोन्ही नॉब बघा. ढांग लांबवायची तर जास्त वेळ हवेत राहायला हवं, म्हणजे प्रत्येक पायाने आणखी जोरात ढकलायला हवं. कमाल बल वाढलं. लय वाढवायची तर मागे गेलेला पाय पुन्हा पुढे आणायला वेळ कमी. आपल्या उदाहरणात सेकंदाचा फक्त एक तृतीयांश मिळतो. घोडा यासाठी एक युक्ती वापरतो. पुढच्या पायाच्या वरच्या भागातला बायसेप्स हा स्नायू आणि त्याच्या आतली कंडरा पाय मागे जाताना गलोलीच्या रबरासारखी ताणली जाते, आणि खूर सुटला की पाय झटकन पुढे येतो. २००३ साली ब्रिटिश संशोधकांनी हे दाखवून दिलं. पण गलोलीलाही मर्यादा आहेच.

श्वाससुद्धा ढांगेला बांधलेला

मला सगळ्यांत जास्त आश्चर्य याचं वाटलं. चौखूर पळताना घोडा एका ढांगेला एकच श्वास घेतो. एक ढांग, एक श्वास. पुढचे पाय टेकून भार घेतात तेव्हा श्वास बाहेर, अंग हवेत जाऊन पुन्हा लांब होतं तेव्हा आत. इंजिनमधल्या पिस्टनसारखं. शिवाय घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, फक्त नाकाने.

लय २.४ म्हणजे मिनिटाला १४४ श्वास. एका श्वासात १२ लिटरच्या आसपास हवा धरली तर मिनिटाला १७०० लिटरहून जास्त. लय वाढवली तर श्वास वाढतात, पण प्रत्येक श्वासाला वेळ कमी मिळतो. म्हणून साधारणपणे असं दिसतं की कमी अंतराचे, म्हणजे हजार-बाराशे मीटरचे घोडे जलद लयीचे असतात, आणि लांब पल्ल्याचे घोडे थोड्या संथ लयीचे आणि लांब ढांगेचे. छोट्या शर्यतीत दम उधार घेता येतो. लांब शर्यतीत तो फेडावा लागतो!

म्हणजे 'लांब ढांग चांगली' हे वाक्यच अर्धवट आहे. किती अंतरासाठी, आणि कुठल्या लयीबरोबर, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

दोन चॅम्पियन, दोन रस्ते

उदाहरण घेऊ. ९ जून १९७३, न्यूयॉर्कची बेलमाँट स्टेक्स, अंतर दीड मैल म्हणजे २४१४ मीटर. सेक्रेटेरिएट नावाचा तांबडा घोडा ३१ लांब्यांनी जिंकला. वेळ २ मिनिटं २४ सेकंद. मातीच्या ट्रॅकवर या अंतराचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. भागाकार केला तर सरासरी वेग १६.७६ मीटर प्रति सेकंद. त्याची ढांग जवळजवळ २५ फूट, म्हणजे साधारण ७.६ मीटर होती असं सांगतात. ते खरं धरलं तर लय निघते २.२. म्हणजे बऱ्यापैकी संथ! लांब ढांग, संथ लय, आणि शेवटपर्यंत पुरलेला दम.

दुसरी ऑस्ट्रेलियाची विंक्स. ही घोडी २०१९ साली निवृत्त झाली तेव्हा ओळीने ३३ शर्यती जिंकलेली होती. तिची ढांग ६.७६ मीटर असल्याचं तिकडे छापून आलं. सेक्रेटेरिएटपेक्षा चांगली पाऊण मीटर कमी. पण इतर घोडे पाच सेकंदांत १२ ढांगा टाकतात तिथे ती १४ टाकायची असं सांगतात. म्हणजे लय २.८, आणि वेग जवळजवळ १९ मीटर प्रति सेकंद, ताशी ६८ किलोमीटर. हा अर्थातच शेवटच्या धडाक्यातला वेग, पूर्ण शर्यतीचा नाही.

आजोबांच्या वहीत सेक्रेटेरिएटपुढे 'ढांग लांब' लागलं असतं आणि विंक्सपुढे फार तर 'मध्यम'. आणि मध्यम म्हणून त्यांनी ३३ वेळा दुसऱ्याच घोड्यावर पैसे लावले असते.

घोड्यावरच्या माणसालाही विसरू नका. पूर्वी जॉकी खोगिरावर सरळ बसायचे. १८९० च्या दशकाच्या शेवटी टॉड स्लोन या अमेरिकन जॉकीने इंग्लंडला जाऊन आखूड रिकिबीत पाय घालून, पुढे वाकून, अधांतरी बसायची पद्धत लोकप्रिय केली. सगळे तसं बसू लागले आणि शर्यतींच्या वेळा ५ ते 7 टक्क्यांनी सुधारल्या. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात याचं कारण छापून आलं. प्रत्येक ढांगेला घोड्याचं अंग वरखाली, पुढेमागे हलतं. वाकून बसलेला जॉकी गुडघ्यांनी ते हेलकावे गिळतो आणि स्वतः जवळजवळ स्थिर रेषेत जातो. त्यामुळे घोड्याला त्याचं वजन फक्त पेलावं लागतं, प्रत्येक ढांगेला हिसका देऊन हलवावं लागत नाही. व्हायब्रेशन आयसोलेशन, दुसरं काय! त्यात जॉकीचे पाय भरून येतात, पण घोड्याचं काम हलकं होतं.

ढांग आखडते तेव्हा

इथपर्यंत आल्यावर मी वही मिटणार होते. आजोबांची थिअरी चूक, विषय संपला. पण परत चाळताना वेगळंच काही दिसलं. तीन-चार घोड्यांपुढे आधी 'ढांग लांब', मग काही आठवड्यांनी 'मध्यम', मग 'आखडली' असं लिहिलेलं होतं. आणि त्यानंतर त्याच घोड्यापुढे दोन शब्द : 'पाय गेला'.

धातूच्या फटीगबद्दल आपण सगळे शिकलोय. एकदा लावलेल्या भाराने जो दांडा मोडत नाही, तोच भार हजारो-लाखो वेळा लावला की मोडतो. रेल्वेचे आस का तुटतात हे शोधताना व्होलर या जर्मन इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकात हे मांडलं. आता घोड्याकडे बघा. २४०० मीटरच्या एका शर्यतीत प्रत्येक पायावर साधारण ३४० ढांगा, म्हणजे ३४० लोड सायकल्स, प्रत्येक वेळी वजनाच्या दुपटीहून जास्त. सरावातल्या ढांगा वेगळ्याच. फरक एवढाच की हाड स्वतःची दुरुस्ती करतं. पण त्याला वेळ लागतो, विश्रांती लागते. ती मिळाली नाही तर बारीक भेगा साचत जातात. म्हणून शर्यतीत घोड्याचं हाड मोडतं तेव्हा ते पुष्कळदा त्या एका ढांगेमुळे मोडत नाही. आधीच्या हजारो ढांगांचा तो हिशेब असतो.

आणि घोड्याचा मोडलेला पाय म्हणजे आपल्यासारखं सहा आठवड्यांचं प्लास्टर नाही. १९७५ च्या जुलैमध्ये रफियन नावाची घोडी, त्याआधी दहाच्या दहा शर्यती जिंकलेली, बेलमाँटवर पळताना पुढच्या उजव्या पायाचं हाड मोडून कोसळली. ऑपरेशन झालं, पण शेवटी तिला झोपवावं लागलं. २००६ चा केंटकी डर्बी विजेता बारबारो दोन आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत मागचा उजवा पाय मोडून बसला. डॉक्टरांनी आठ महिने शर्थ केली. पण एक पाय वाचवताना भार दुसऱ्यांवर येतो, आणि तिथल्या खुराचा आतला भाग सुजून सुटत जातो. बारबारोला जानेवारी २००७ मध्ये झोपवलं. चार पायांचं टेबल तीन पायांवर फार दिवस उभं राहत नाही.

घोडा बोलत नाही. उलट, पळून जीव वाचवणारा प्राणी असल्यामुळे दुखणं लपवतो. पण ढांग लपवता येत नाही. गेल्या काही वर्षांत खोगिराखालच्या कापडात छोटं जी.पी.एस. यंत्र बसवून प्रत्येक ढांगेची लांबी आणि लय मोजता येऊ लागली आहे. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातल्या शर्यतींची अशी माहिती तपासली. त्यांना दिसलं की जे घोडे पुढे हाडाच्या किंवा कंडरेच्या दुखापतीने जायबंदी झाले, त्यांचा वेग आणि ढांगेची लांबी आधीच्या शर्यतींमध्ये हळूहळू कमी होत गेली होती, विशेषतः शेवटच्या सहाएक शर्यतींत. इतकी हळू की कट्ट्यावरून कुणाला कळणार नाही. पण आकड्यांत दिसते.

अर्थात ढांग कमी झाली म्हणजे पाय मोडणारच असं नाही. ट्रॅक भिजलेला असेल, अंतर वेगळं असेल, वय झालं असेल. म्हणून एका घोड्याची ढांग दुसऱ्याशी लावून बघण्यापेक्षा त्याच घोड्याच्या मागच्या ढांगांशी लावून बघायची. एखाद्या मशिनचं बेअरिंग बदलायला आलं की आवाज बदलतो, तसं. आपण शेजारच्या मशिनचा आवाज ऐकत नाही, याच मशिनचा कालचा आवाज आठवतो.

शेवटी

तर निकाल असा. कुठला घोडा जिंकेल, हे ढांगेची लांबी सांगत नाही. त्यात लय, दम, अंतर, ट्रॅक, जॉकी, सगळं मिसळलेलं असतं. (म्हणून हा लेख वाचून कुणी पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर मेसचे पैसे लावायला जाऊ नये. मी जबाबदार नाही!) पण कुठल्या घोड्याला थांबवायला हवं, हे ढांग सांगू शकते, आणि ती वेळेवर सांगते. आजोबांकडे वहीत बरोबर माहिती होती. त्यांनी तिला चुकीचा प्रश्न विचारला. आणि त्या काळी बरोबर प्रश्न सुचला असता तरी त्यांचं ऐकलं कुणी असतं?

करून बघायचं असेल तर घोडा लागत नाही. ग्राउंडवर १०० मीटर आखा, मैत्रिणीला पळवा, मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करा आणि पावलं मोजा. १०० ला पावलांनी भागलं की लांबी, पावलांना सेकंदांनी भागलं की लय. मग तिला 'लांब ढांगा टाक' असं सांगून पुन्हा पळवा. माझी रूम पार्टनर दुसऱ्या वेळी पाऊण सेकंद जास्त घेऊन आली आणि वर माझ्यावरच चिडली.

वही मी आजीला परत दिली. हा सगळा हिशेब तिला सांगितला. तिने ते 'पाय गेला' वालं पान बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "एवढं दिसत होतं, तर स्वतःचं का नाही दिसलं गं त्यांना?" याचं गणित मला येत नाही.